कैलासचा भात

हे सांगितलं तर कुणी विश्वास ठेवायचं नाही, पण लोणावळ्यात एक पोरगा संक्रांतीपर्यंत भाताच्या नुसत्या वाफेवर जगला. आणि ती वाफही पातेल्यातली नव्हे, तोंडातली.

पोरगा तिकोणा गडाखालच्या तिकोणा पेठ गावचा, नाव कैलास. घरात तो नि आई, दोघंच. भाताची सुगी उरकली तसा तो लोणावळ्यात एसी-गीझर दुरुस्तीच्या दुकानात कामाला लागला आणि भांगरवाडीत खोली घेऊन राहिला. एकट्यानं राहायची ही पहिलीच वेळ. निघताना आईनं, धोंडाबाईनं, नव्या इंद्रायणी तांदळाचं पोतं मामाच्या जीपमध्ये चढवलं आणि एकच अट घातली.

"रोज हातानं भात करून खायचा. न्हाई जमलं तर माघारी यायचं. धरणाकडच्या बंगल्यावर मामानं राखणीची जागा बोलून ठेवलीया."

त्या बंगल्याच्या फाटकाशी जन्म काढायचा म्हटलं की कैलासला नको व्हायचं.

पहिल्याच संध्याकाळी त्यानं पातेलं चढवलं. खाली कोळसा झाला, वर दाणे कच्चेच. धूर बघून घरमालकीण सरूबाई जिना चढून आली. "इथं होळी नाही पेटवायची, बाळा," एवढं म्हणाली आणि खिडकी उघडून गेली. कैलासनं पातेलं घासून पालथं घातलं, पोतं कॉटखाली ढकललं. तेव्हापासून वडापाव, नाहीतर एखाद्या हॉटेलात काम निघालं तर तिथल्या भटारखान्यामागं मिळेल ते.

पण दिवेलागणीला आईचा फोन यायचा.

"भात केलास का?"

"केला की."

एवढ्यावर भागायचं नाही. ती फोन कानाला लावून तशीच थांबायची, आणखी काहीतरी ऐकायला. मग कैलास थाप वाढवून सांगू लागला. वासानं सरूबाई वाटी घेऊन वर आली. मग शेजारची बिऱ्हाडं आली. एकदा तर पर्यटकांची गाडी रस्त्यात थांबली आणि आतली माणसं विचारू लागली, हा वास कुठल्या हॉटेलातून येतोय? धोंडाबाई हसायची. फोन ठेवला की खोली आधीपेक्षा मोठी वाटायची, आणि कैलास दिवा न लावता कॉटवर बसून राहायचा.

संक्रांतीच्या तोंडावर ती म्हणाली, "दुसरं पोतं धाडते मामासंगं. एवढी माणसं जेवत्यात म्हंजी पहिलं संपत आलं आसंल."

"आन् तुला गं?"

"मला एकटीला कितीसं लागतंय? रेशनचा हाय की. निघंल वरीस."

कैलासच्या टाचेला कॉटखालचं पोतं लागत होतं. आता आईच्या तोंडचा तांदूळही इथं येऊन किडणार होता. खरं सांगून टाकावं, असं त्याला वाटलं. पण खरं सांगितलं की ते फाटक आलंच. मग त्यानं खोटंच आणखी ताणलं. आणि ते पटावं म्हणून दुपारी एका हॉटेलात पोटभर खाल्लेला भात डोळ्यांपुढं आणला आणि जसाच्या तसा सांगितला.

"पोतं नको गं. लय पुरवठ्याला येतोय. मूठभर टाकला की पातेलं भरतंय. लांब लांब शितं, एकाला एक लागत न्हाई. फुंकर मारली तर उडतील."

 

"कैलास," धोंडाबाई म्हणाली, "इंद्रायणी हाय तो, त्यात नवा. शीत शिताला सोडत न्हाई. माझ्या हातनं आजवर मोकळा झाला न्हाई, तुझ्या हातनं कसा व्हईल? तू भात केलाच न्हाईस रं."