मिशीची पैज आन चक्रवाक

आमचे हे, बंकटराव, युसूफ वडगावच्या बाजारातले नावाजलेले हेडी. बैलांची दलाली करतेत. मिशीला पीळ दिला की समोरचा गपगुमान भाव उतरवतो, असा त्या मिशीचा रुबाब. आन तीच मिशी या माणसानं पैजेला लावली!

दिवाळीला माझा भाऊ भागवत आलता. त्याची रोहिणी कॉलेजात पाखरांचा अभ्यास करती. ती म्हणली, "आत्या, तळ्यावर चक्रवाक उतरलेत, पार हिमालयापल्याडून." झालं! हे लगेच बोलले, "जनावर वळखायला मला कोण शिकवणार? चार दिवसांत सगळी पाखरं वळखतो, न्हाईतर मिशी काढतो." भागवत टपलेलाच. म्हणला, "दाजी, सगळी राहू द्या. एक चक्रवाक दाखवा."

रोज सकाळी रोहिणी त्यांना तळ्यावर न्यायची, मी शेळ्या घेऊन मागं. पोरगी घसा कोरडा करून सांगायची, "मामा, ते नारंगी बदक, डोकं फिकट. दुर्बिणीतून बघा की!" आन हे तळ्याकडं पाठ करून उभे! नजर कुठं, तर बांधावरच्या म्हशीवर. "दिसला, दिसला. काय दम न्हाई त्याच्यात."

मी म्हणलं, "आवो, तिकडं कावून बघताव?"

तर हळूच म्हणतेत, "साखरे, पसंत पडलेल्या जनावराकडं हेड्यानं टक लावून बघू नये. भाव चढतो."

आता या येड्या माणसाला कुणी सांगावं, पाखराचा भाव कोण करतंय!

पैजेच्या दिवशी भागवत न्हाव्याला गाडीवर बसवूनच आला. हे ऐटीत काठावर गेले, तिरक्या डोळ्यानं एकदा पाण्याकडं पाह्यलं आन बोट केलं, "त्यो बघ, नारंगी! मादी हाय. पोट बघ, गाभण हाय."

"दाजी, नीट बघा."

"बघितलं बे! उन्हात केस पांढरे केले न्हाईत मी."

तेवढ्यात धुणं धुणारी छबुबाई पाण्यात शिरली आन तिनं ह्यांची गाभण मादी गळ्याला धरून उचलली. प्लास्टिकची घागर! "माझी हाय बाई, वाहून चाललती," म्हणली. खरे चक्रवाक शेजारीच होते, ते आमच्या हसण्यानं उडून गेले.

मिशी तिथंच काठावर गेली.

घरी आले ते तोंडाला टॉवेल गुंडाळून. जेवायला बसेनात. "आता बाजारात मला कोण विचारतंय?" म्हणले, आन डोळ्यांत पाणी. मी हसू दाबत टॉवेल ओढला आन थबकलेच. लग्नापासून या माणसाचा वरचा ओठ मी पाह्यलाच नव्हता. अगं बाई! ही तर आमच्या लेकीची, अंजूची जिवणी, जशीच्या तशी. लग्न करून तिला कडा गावाला दिल्यापासून घर खायला उठतंय, आन लोक म्हणायचे, ही कुणावरच गेली न्हाई. मला रडूच फुटलं.

ह्यांना वाटलं, मी मिशीपायी रडते. "उगी, साखरे. महिन्याभरात वाढती परत."

"खबरदार मिशी वाढवली तर!" मी म्हणलं. "गप बसा हितं, माझ्यासमोर."