कात्रणं टाकायची नसतात

माझ्या हातात कात्री असली की मला कुणी काही शिकवलेलं खपत नाही. चाळीस वर्षं शिवणकाम केलंय, लोकांचं एक कापड वाया घालवलेलं नाही. त्यामुळे ताई गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी लेकीकडे निघाली आणि बागेच्या कामांचा कागद हातात देऊन मला तीनतीनदा बजावू लागली, तेव्हा मी म्हटलं, बाई गं, तू गुडघा सांभाळ, झाडं मी बघते. ती खालच्या मजल्यावर राहते, मी वरच्या. माझ्याकडे झाड म्हणून कधी नव्हतंच. शिवायच्या घरात माती कोण आणेल?

कागद अगदी चोख होता. थंडी ओसरली की कुंड्यांतली माती उकरायची, कुजलेलं खत घालायचं, गुलाब गुडघ्याएवढे छाटायचे, कोंब दिसले की पाणी वाढवायचं. मी सगळं केलं, आणि टेप लावून केलं. कुंडीतले पाच गुलाब उरकले आणि भिंतीवरच्या वेलगुलाबाकडे वळले.

हा वेल भावोजींनी लावलेला. ताईच्या स्वयंपाकघराच्या खिडकीवरून थेट माझ्या गॅलरीपर्यंत चढलेला. वर्षातून एकदाच फुलायचा, पण फुलला की भिंत दिसायची नाही. भावोजी गेल्या वर्षी गेले. त्यांच्यामागचा हा पहिलाच बहर. ताई गाडीत बसताना एवढंच म्हणाली होती, की दोन महिन्यांनी वेल फुलेल, तेव्हा मला घरी असायचंय.

तो वेल मी गुडघ्याएवढा छाटला. परकराचा घेर कापावा तसा, एका रेषेत.

दुसऱ्या दिवशी चहाचा कप ठेवायला तोच कागद उलटा केला, तर मागे लिहिलेलं: ‘भिंतीवरच्या वेलाला हात लावू नकोस. तो जुन्या फांदीवर फुलतो.’ कापड हातात आलं की आधी उलटी बाजू बघणारी मी, आणि कागदाची बघितली नाही! चहा तसाच राहिला.

रोपवाटिकेतला माळी वयानं माझ्याएवढाच, तोंडानं मात्र माझ्याहून तिखट. म्हणाला, वेल मरणार नाही, पण यंदा फूल विसरा. मग विचारलं, की छाटलेल्या फांद्या फेकल्या असतील ना? मला रागच आला. शिंपीण कधी कात्रण फेकते का? लांबीप्रमाणे जुड्या बांधून सगळ्या माझ्या न्हाणीघरात, पाण्याच्या बादलीत उभ्या होत्या. तो पहिल्यांदा हसला आणि बसा म्हणाला.

त्यानं दाखवलं तसं केलं. वीतभर काडी, खालचं टोक डोळ्याच्या, म्हणजे कोंब फुटतो त्या गाठीच्या, जरा खाली तिरकं कापायचं, वाळू मिसळलेल्या मातीत निम्मी खोचायची, सावलीत ठेवायची. आणि कळी आली तर खुडायची, नाहीतर फुलाच्या नादात काडी मूळ धरत नाही. बिस्किटांचे, तेलाचे, रंगाचे जेवढे रिकामे डबे मिळाले तेवढ्यांना आरीनं भोकं पाडली. चाळीसेक डबे झाले. गॅलरी भरली, जिना भरला, शेवटी कापायच्या टेबलावरही माती आली. गिऱ्हाइकं नाकं मुरडायची. मी सकाळी चहाच्या आधी डबे बघून यायची. एक काडी उपटून मूळ आलंय का बघितलं, तर माळ्यानं अशी हजेरी घेतली की विचारू नका.

ताई फोनवर विचारायची, वेल कसा आहे? मी म्हणायची, छान आहे. अगदीच खोटं नव्हतं, बुंध्यापाशी लाल कोंब तरारले होते. पण फोन ठेवला की पुन्हा एकदा सगळे डबे मोजून यायची.

दहाबारा काड्या वाळल्या, बाकीच्यांना पानं फुटली. काहींना कळ्याही आल्या. काळजावर दगड ठेवून खुडल्या. एक मात्र खुडवेना. त्या काडीला म्हटलं, तू जगली नाहीस तरी चालेल, पण एक फूल दे बाई.

ताई काठी टेकत फाटकातून आत आली आणि भिंतीकडे बघतच राहिली. मी आठवडाभर घोकलेलं सगळं विसरले.

“ताई, मी चुकले. वेल मी कापला.”

ती तशीच स्वयंपाकघरात गेली. मी मागोमाग. ओट्यावर ऊन पडलं होतं. तिनं त्या उन्हात हात धरला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला.

“अकरा वर्षं सांगत होते यांना, खिडकीपुरता तरी छाटा म्हणून,” ती म्हणाली आणि हसायला लागली. हसता हसता रडायला लागली. “पण फूल बघायचं होतं गं.”

मी धावत जाऊन तो डबा आणला आणि उन्हात ठेवला. एकच फूल, फिकट गुलाबी, कोटाच्या बटणाएवढं. ताईनं डोळे पुसले आणि जवळून न्याहाळलं.

“कळी खुडायची असते, शिंपीणबाई.”

“ठाऊक आहे.”

तिनं माझ्या गळ्यातली कात्री घेऊन फूल अलगद कापलं आणि वाटीत पाणी घालून भावोजींच्या फोटोपुढे ठेवलं. मग जिन्यावरचे डबे बघितले आणि तिला पुन्हा हसू फुटलं. अर्धी गल्ली फांदी मागून थकली होती, भावोजींनी कुणाला दिली असेल तर शपथ. “आता बघा म्हणावं,” असं फोटोला सांगून तिनं शेजारणींना हाका मारल्या. तासाभरात जिना रिकामा झाला.

बिनफुलाचा तो डबा तिनं माझ्या हातात दिला.

“फूल यांचं, रोप तुझं. आणि याला टेप लावू नकोस.”

मी वर आले. घरात ऊन येतं ते एकाच खिडकीत, आणि तिथे चाळीस वर्षं माझं मशीन आहे. मशीन ओढून बाजूला केलं आणि तिथे डबा ठेवला.