बंदराच्या पानावरचं ऊन

बंदराच्या कचेरीत वेबसाइट सांभाळणारी ती एकटीच. पण तिच्या हातात होतं तरी काय? भरती कधी, ओहोटी कधी, वारा कुठून, समुद्र कसा. बस, एवढाच मजकूर, आणि तोही वेधशाळेकडून आपोआप यायचा. त्यातला काना-मात्राही बदलायची मुभा नव्हती. तिच्या वाट्याला आली होती ती स्टाइल शीट, म्हणजे ते शब्द पानावर कुठे बसायचे, केवढे दिसायचे, कुठल्या रंगात आणि किती अंतर सोडून, याचे नियम लिहायची फाइल. आधीच्या माणसाने पांढऱ्यावर काळं करून ठेवलं होतं. तिनेही ते तसंच चालू दिलं होतं.

तिचे बाबा मालवाहू जहाजावर इंजिन सांभाळायचे. निवृत्तीआधीची ही शेवटची सफर, आणि ती लांबतच चालली होती. जहाजावर नेट म्हणजे नावाला. फोटो अर्ध्यात अडकायचा, फोनवर आवाज तुटायचा. पण दोन ओळींचा निरोप पोचायचा, आणि बंदराचं पान मात्र उघडायचं. बाबा रोज सकाळी चहाबरोबर ते उघडायचे. इतक्या लांबच्या माणसाला घरच्या भरतीशी काय देणंघेणं? पण ते लिहायचे, "भरती आलीय म्हणजे आता खिडकीखाली पाणी वाजत असेल."

त्यातच घराला रंग दिला. बाबांचा निरोप आला, "कुठला दिलात?"

आई पेचात पडली. "पिवळा म्हणावं तर पिवळा नाही. लोण्यासारखा म्हणावं तर तेवढा फिकाही नाही. संध्याकाळी त्यात जरा गुलाबी उतरतं. आता हे त्या माणसाला कसं सांगू?"

मुलगी हसली. दुसऱ्या दिवशी कचेरीत गेल्यावर तिने फाइलमध्ये एकच ओळ बदलली. भरतीच्या वेळा होत्या तिथेच राहिल्या, पण त्यांच्यामागे घरची भिंत आली.

तिने बाबांना लिहिलं, "पान बघा." तासाभरात उत्तर आलं. "असा होय! झकास. स्वयंपाकघरालाही हाच?"

आईने तो निरोप पुन्हा पुन्हा वाचला आणि तिला चेवच चढला. "स्वयंपाकघराचा वेगळा आहे म्हणावं. दाखव त्यांना."

"आई, ते बंदराचं पान आहे."

"असू दे की. बंदरात काय नुसतं लोखंडच येतं?"

मग रोजचाच नाद लागला. संध्याकाळी आई खुर्चीवर शेंगा निवडत सांगायची आणि मुलगी लॅपटॉप मांडीवर घेऊन नियम लिहायची. चित्र एकही नाही. नुसत्या अक्षरांच्या ओळी, इतक्या हलक्या की त्या तुटक्या नेटमधूनही अलगद पलीकडे जायच्या. तिकडे गेल्यावर मात्र त्या ओळींचा उजेड व्हायचा. डाव्या कोपऱ्यातून ऊन शिरायचं आणि तिरकं होत होत खाली विरायचं. "वारा मंद" हे दोन शब्द पडद्यासारखे किंचित हलायचे, थांबायचे, पुन्हा हलायचे.

"आज जिन्यावरचं ऊन घाल," आई म्हणायची.

"ते कसं असतं?"

"मांजर बसतं ना, तसं. ऐसपैस."

मुलगी ओळींमधलं अंतर वाढवायची, रंगांच्या कडा मऊ करायची. करता करता तिला आजूबाजूचं भान राहायचं नाही. आपण पायरीवर बसलोय, पाठ शेकतेय, खालून कुणीतरी वर येतंय, असं वाटत राहायचं. शब्द तेच, समुद्र शांत, दृश्यमानता चांगली, आणि तरी दर दिवशी त्यात राहायला नवी जागा सापडायची. एवढी वर्षं ही फाइल आपल्यासमोर होती आणि आपण तिच्यात पांढरा आणि काळा एवढंच लिहीत होतो, याचं तिला नवल वाटे.

एका सकाळी कचेरीत मासेमारीची बोट चालवणाऱ्या तांडेलाचा फोन आला. "पान देखणं झालंय हो, पण उन्हात भरतीची वेळच दिसत नाही. फिक्यावर फिकं. डोळे बारीक करेपर्यंत पाणी उतरलं, आणि माझी बोट गाळात बसली."

तिने तिथल्या तिथे अक्षरं गडद केली. पण तक्रार साहेबांपर्यंत पोचली होती.

"ही कचेरी आहे, तुमचा दिवाणखाना नाही," साहेब म्हणाले. "पांढरं करा."

त्यांचं चुकत नव्हतं. तिने पान पांढरं केलं.

दुसऱ्या सकाळी बाबांचा निरोप आला, "पान पांढरं झालं. घरी सगळं ठीक ना?" पाठोपाठ दुसरा, "आई बरी आहे ना? खरं सांग." तिने लगेच उत्तर लिहिलं, पण नेमकं तेव्हाच जहाजाचं नेट गेलं. उत्तर पोचायला दुपार उलटली. तोवर आईला राहवेना. चप्पल पायात सरकवून ती थेट कचेरीत आली आणि साहेबांच्या समोर उभी राहिली.

"साहेब, तुम्ही पान पांढरं केलंत, आणि तिकडे आमचे हे जीव टांगून बसले असतील."

साहेब गोंधळले. मुलीने त्यांना सगळं सांगितलं. ते आईकडे वळले. "बाई, समुद्रावरचा माणूस घाईत वाचतो. त्याला नीट दिसायला नको?"

"दिसेल," मुलगी म्हणाली. "वेळा ठळक राहतील, उजेड त्यांच्या मागे राहील. वादळाचा इशारा आला की रंग सगळे बाजूला, नुसता इशारा. आणि तांडेलांना दाखवल्याशिवाय काहीच लावणार नाही."

साहेबांनी खिशातून फोन काढला. "ते जिन्यावरचं ऊन... मला वाटलं माझ्या फोनलाच काही झालंय. दोनदा उघडून बघितलं." मग आवाज कडक करून म्हणाले, "तांडेल हो म्हणाला तरच."

दुसऱ्या दिवशी भर दुपारी धक्क्यावर तांडेलाने फोन हात लांब करून धरला. "दिसतंय. स्वच्छ दिसतंय. आणि हे मागे काय हलतंय?"

"पडदा."

"कुणाचा?"

"आमच्या घरचा."

त्याने फोन खिशात टाकला. "राहू दे," म्हणाला. "बरं वाटतं."

पुढच्या आठवड्यात बाबांचा वेगळाच निरोप आला. यंत्र असो की घड्याळ, उघडून आत बघितल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. "आज तुझ्या पानाच्या आत डोकावलो. नियम वाचले. सोपं आहे की! इथे आत्ता समुद्राचा रंग हा आहे. बघ, जमतोय का." आणि खाली त्या रंगाचा सहा आकडे-अक्षरांचा संकेत, अगदी ती लिहायची तसाच.

तिने आईला कचेरीत बोलावून घेतलं. संकेत फाइलमध्ये लिहिला, आणि तो रंग सावकाश वर यावा, सावकाश खाली जावा, असा एक नियम जोडला. पान उघडलं. हिरवट, खोल, मध्येच दुधाळ होणारं पाणी भरतीच्या वेळांमागे भरून आलं.

आईने खुर्ची पुढे ओढली. "इथे आहेत होय," ती हळूच म्हणाली.

पाणी वर येत होतं, उतरत होतं. मुलीने तिच्यासाठी स्क्रीनचा उजेड थोडा वाढवला आणि स्वतःसाठी दुसरी खुर्ची शेजारी आणून ठेवली.