बाराशे खुरांचा रोलर

मित्रांनो, सायकलवरून उतरलाच आहात तर त्या दगडाला टेका आणि जरा दम खा. एवढा वेळ तुमच्या चाकाखाली जे करकर वाजत होतं ना, तो माझा आवाज. मी एक जुना खडीचा रस्ता आहे. खालच्या पुलापासून वरच्या खिंडीपर्यंत चार मैल लांब, अकरा वळणांचा आणि स्वभावाने थोडा खरबरीत. गुळगुळीत बोलणं मला जमत नाही. ते काम खालच्या त्या डांबरी रस्त्याचं.

माझा जन्म हातोड्यांच्या आवाजात झाला. याच डोंगरातला दगड माणसांनी हाताने फोडला. आधी मोठे दगड बसवले, त्यावर खडी, खडीवर मुरूम, मुरमावर पाणी आणि शेवटी रोलर. त्या रोलरने मला असं काही रगडलं की आठवलं तरी अजून अंग ठणकतं. पण त्यानेच मी घट्ट झालो, हे कबूल केलं पाहिजे.

मग माझ्यावरून काय काय गेलं म्हणून सांगू! दुधाच्या गाड्या गेल्या, लाकडाच्या गेल्या, शाळेची मुलं गेली, पोस्टमन गेला. माझ्या तिसऱ्या वळणाला ‘दुधाचं वळण’ म्हणतात, कारण तिथे एकदा गवळ्याचे पाचही कॅन उलटले आणि वाडीतली मांजरं दोन दिवस घरी फिरकली नाहीत. सातव्या वळणाचं नाव ‘अरे देवा’. ते मी ठेवलेलं नाही. चढताना आणि उतरताना, दोन्ही वेळा माणसं तिथे तेवढंच म्हणतात.

माझी निगा राखायला एक मुकादम होता. उंच, हाडकुळा, आणि माझ्यासारखाच खरबरीत. रोज सकाळी खांद्यावर फावडं टाकून तो अकराही वळणं चालायचा. कडेचे चर साफ करायचा, खड्डा तळहाताएवढा असतानाच भरायचा. “पाण्याला वाट करून दिली की रस्त्याला मरण नाही,” असं तो मलाच समजावून सांगायचा. एकेचाळीस वर्षं त्याने हे केलं. मित्रांनो, एवढ्या वर्षांत ‘रस्ता छान आहे’ असं त्याला एकाही माणसाने म्हटलं नाही. खड्डा पडला की मात्र सगळ्यांना त्याचं नाव आठवायचं.

जगात त्याचं एकाच गोष्टीशी वैर होतं, ते म्हणजे मेंढ्या. मेंढ्या माझ्या कडा ढासळवतात असं त्याचं म्हणणं. आणि मेंढ्या कोणाच्या? तर सख्ख्या मेहुण्याच्या! नवव्या वळणापलीकडे, ओढ्याच्या काठावर तो तीनशे मेंढ्या चारतो. एकदा मुकादमाने त्याच्या मेंढ्यांना काठी उगारून हाकललं, तेव्हापासून सहा वर्षं दोघांचं बोलणं बंद होतं. बिचारी मुकादमाची बायको नवरा आणि भाऊ यांच्यात निरोप पोचवून दमली होती.

मग खाली दरीतून डांबरी रस्ता झाला. काळाभोर, सरळसोट आणि तोऱ्यात! गाड्या तिकडे वळल्या, दूध तिकडे वळलं, पोस्टमनसुद्धा वळला. नव्याचे नऊ दिवस असतात म्हणून मी वाट पाहिली, पण नऊ वर्षं झाली तरी कोणी परत आलं नाही. माझ्या मधोमध गवत उगवलं. मुकादम तेवढा येत राहिला. नोकरीतून निवृत्त झाला तरी येत राहिला. “नोकरी संपली, पण यांचं खूळ काही संपत नाही,” असं त्याची बायको म्हणायची.

आणि एके दिवशी पुलाजवळच्या खांबावर एक कागद लागला. रस्ता वापरात नाही, सबब महिनाअखेर दोन्ही टोकांना फाटक लावून तो कायमचा बंद करण्यात येईल. मुकादमाने तो कागद दोनदा वाचला. मग ‘अरे देवा’ वळणावर येऊन तो दगडावर बसला आणि त्या दिवशी त्याने फावड्याला हात लावला नाही.

त्याच आठवड्यात एक बाई वाट चुकून माझ्यावर आली. शहरात ती दातांची डॉक्टरीण होती. तिच्या सायकलची चाकं जाड होती, आणि चढावर ती चक्क हसत होती! मुकादमाला पाहून ती थांबली.

“काका, हा रस्ता असा कोणी ठेवलाय?”

“मी. का? काय बिघडलं?” सवयीप्रमाणे मुकादमाने कपाळाला आठ्या घातल्या.

“बिघडलं कुठे! इतका छान रस्ता मी आजवर पाहिला नाही. आम्ही असेच रस्ते शोधत असतो.”

मुकादम “हं” म्हणाला. मग पाठ फिरवून आधीच स्वच्छ असलेला चर तो पुन्हा साफ करू लागला. कान मात्र लाल झाले होते. मी पाहिलं ना!

डॉक्टरीणबाईने तो कागद वाचला आणि ती थेट रस्तेखात्यात गेली. साहेब म्हणाले, “रविवारी सकाळी मी स्वतः येऊन बघतो. लोक खरंच येत असतील, तर फाटकाचं पुन्हा ठरवू.” तिने लगेच शहरातल्या पंचेचाळीस सायकलवाल्यांना गोळा केलं. खिंडीतून खाली पुलापर्यंत, अकराही वळणं उतरायची असं ठरलं.

मित्रांनो, आता मुकादमाने काय केलं ते ऐका. त्याच्या नोकरीत एक रीत होती. मोठं माणूस येणार असलं की रस्त्यावर नवी खडी टाकायची. मग पंचेचाळीस माणसं आणि वर खुद्द साहेब येणार म्हटल्यावर तो गप्प बसतो होय? खाणवाला त्याचा जुना दोस्त. त्याच्याकडून ट्रॉलीभर खडी आणून त्याने पाचव्या, सातव्या आणि नवव्या वळणावर शनिवारी दुपारपर्यंत पसरली. चांगली वीतभर! मीही मूर्ख. नवे कपडे मिळावेत तसा फुगून बसलो होतो.

दुपारी डॉक्टरीणबाई सायकलवाल्यांना वाट दाखवणारे बाण रंगवायला आली. सातव्या वळणावर तिचं पुढचं चाक खडीत रुतलं, आणि बाई धाडकन आडवी झाली. कोपर सोलवटलं.

“काका, हे काय केलंत?”

“स्वागत,” मुकादम म्हणाला.

तिला हसू आलं, पण लगेच तिचा चेहरा उतरला. “अहो, सुट्या खडीत सायकल उभी राहत नाही. उतारावर पंचेचाळीस जण एकमेकांवर पडतील. संध्याकाळपर्यंत काही झालं नाही, तर मला सगळ्यांना डांबरी रस्त्यानेच न्यावं लागेल.”

झालं! हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. रस्तेखात्याला सुट्टी, रोलर शहरात कुलपात. तेवढ्यात मुकादमाची बायको डबा घेऊन वर आली. तिने खडी पाहिली, बाईचं कोपर पाहिलं आणि कपाळावर हात मारला.

“आयुष्यभर दगड फोडलेत. एक नेमका डोक्यात राहिला वाटतं!”

मुकादमाने मान खाली घातली. एकेचाळीस वर्षांत मी त्याला असं कधी पाहिलं नव्हतं. बायकोचा आवाज मग एकदम मऊ झाला. “रोलर नाही तर नाही. तीनशे मेंढ्यांचे बाराशे खूर आहेत ना पलीकडे! जा, माझ्या भावाकडे जा. आणि ती काठी इथेच ठेवा.”

मुकादम ओढा ओलांडून गेला. दोघांचं बोलणं मला अलीकडे स्वच्छ ऐकू येत होतं.

“काय भावजी, वाट चुकलात?”

“नाही.”

“मग काठी कुठाय?”

“ठेवून आलो. तुझ्या मेंढ्या... रस्त्यावर आण.”

“काय म्हणालात?”

“मेंढ्या रस्त्यावर आण म्हटलं.”

“ऐकू नाही आलं.”

“अरे बाबा, तुझ्या मेंढ्या माझ्या रस्त्यावर आण! हात जोडतो!”

मेहुणा इतका मोठ्याने हसला की मेंढ्यांनी चरायचं सोडून वर पाहिलं.

मग जी धमाल उडाली, ती विचारू नका! मुकादमाने खडीवर मुरूम पसरला. वाडीतली माणसं ओढ्याचं पाणी बादल्यांनी आणून ओतू लागली. डॉक्टरीणबाई सोललेल्या कोपराने फावडं मारत होती. आणि मेहुण्याने शीळ घालून कळप माझ्यावर सोडला. वर, खाली, पुन्हा वर. टपटपटपटप! मला इतक्या गुदगुल्या झाल्या की मी रस्ता नसतो तर लोळलो असतो. ज्यांना हाकलण्यात मुकादमाने हयात घालवली, त्यांनाच तो “ये गं बाई, इकडे, इकडे चेप” असं गोंजारून सांगत होता. दिवस मावळला तेव्हा मी घट्ट झालो होतो. डॉक्टरीणबाई ‘अरे देवा’ वळणावरून तीनदा खाली उतरून गेली. चाक जरासुद्धा रुतलं नाही.

रविवारी सकाळी ते आले. पंचेचाळीस सायकली, नव्वद चाकं! कोणी गात होतं, कोणी ओरडत होतं, आणि सातव्या वळणावर सगळे एकजात “अरे देवा!” म्हणाले. किती वर्षांनी ऐकलं मी ते! साहेबांनी सातव्या वळणावर वाकून मला दाबून पाहिलं.

“काम पक्कं झालंय. रोलर कुठून आणलात?”

मुकादमाने पलीकडच्या मेंढ्यांकडे बोट दाखवलं. साहेब पोट धरून हसले. पुलाजवळचा कागद त्यांनी स्वतःच्या हाताने फाडला.

त्या सायकलींमध्ये एक जोडसायकल होती, दोघांनी चालवायची. डॉक्टरीणबाईने मुकादमाला तिच्या मागच्या सीटवर बसवलं. आयुष्यभर तो माझ्यावरून पायीच चालला होता. चाकावरून मी कसा लागतो, ते त्याला ठाऊकच नव्हतं. दोघं पुन्हा वर जाऊन खिंडीतून खाली सुटल्यावर पहिली दोन वळणं त्याने डोळे मिटले होते. त्यापुढच्याला उघडले. ‘अरे देवा’ वळणाला तो ओरडला, “अगं, हादरा नाही! कुठेच हादरा नाही!” पुलावर उतरला तेव्हा त्याचे डोळे भरून आले होते. वाऱ्याने पाणी आलं म्हणाला. आलं असेल.

आता दर शनिवारी संध्याकाळी मेंढ्या माझ्यावरून जातात, मुकादमाच्या निमंत्रणावरून. मित्रांनो, माझं मागणं थोडं आहे. रस्ता वापरला की जगतो, म्हणून येत जा. कचरा टाकू नका, चर बुजवू नका. मेंढ्या जे मागे ठेवून जातात, त्याबद्दल कुरकुर करू नका. आणि वाटेत फावडं घेतलेला एक हाडकुळा म्हातारा भेटेल. त्याला ‘रस्ता छान आहे’ एवढं म्हणा. तो फक्त “हं” म्हणेल आणि पाठ फिरवून चर साफ करू लागेल. चर आधीच स्वच्छ असेल, तरीही.