तिसरी हाक

माझ्या सासऱ्यांचं नाव चिमाजी. आज हे सहज सांगून टाकलं, पण लग्नाला चौदा वर्षं झाली तरी हे नाव माझ्या तोंडून कधी बाहेर पडलं नव्हतं. रेशनच्या दुकानात विचारलं की मी कार्ड पुढे करायची. घोडेगावच्या डोळ्यांच्या शिबिरात बाईंनी पेशंटचं नाव विचारलं, तेव्हा मी आधार कार्डावर बोट ठेवलं. त्यांनी मला वाचता येत नाही का, असं विचारलं. बारावी झालेय मी, पहिल्या फटक्यात. पण आमच्या आहुप्याकडे सून सासऱ्याचं नाव घेत नाही, त्यांच्या पुढून चालत नाही आणि अंगाला हात तर लावतच नाही. मला हे पटतं का, असं कोणी विचारलं नाही आणि मीही स्वतःला विचारलं नाही.

मोतीबिंदू दोन्ही डोळ्यांत पिकला होता. ऑपरेशन पुण्यात, एका धर्मादाय दवाखान्यात, आधी उजव्या डोळ्याचं. आमचे हे, मोहित, मंचरच्या मार्केटमधून भाजीची पिकअप चालवतात. त्यांना दोन दिवस सुट्टी मिळेना. सासूबाईंचे गुडघे गेलेले. राहिलं कोण, तर मी. निघताना सासूबाईंनी अंगणात गाठून बजावलं, "उज्ज्वला, पुण्यात त्यांचा हात सोडू नको." जसं काही मी तो कधी धरला होता.

खरं सांगायचं तर मला पुण्याची भीती वाटत होती. याआधी दोनदा गेले होते, दोन्ही वेळा ह्यांच्या मागून. रस्ता पाहिलाच नव्हता, ह्यांचा शर्ट तेवढा पाहिला होता.

सकाळच्या पहिल्या एसटीनं घोडेगाव, तिथून मंचर, मंचरहून पुणे. चाकण सोडलं तसे मामंजी गप्प झाले. सत्तराव्या वर्षी हिरड्याच्या झाडावर शेंड्यापर्यंत चढणारा माणूस, पण पुण्यात वाकडेवाडीच्या स्टँडवर उतरलो तेव्हा त्यांनी धोतराचा सोगा मुठीत घट्ट आवळला होता. पुढे शहरातली बस. तिला मागून चढायचं आणि पुढून उतरायचं, हे आम्हाला कुठलं माहीत. कंडक्टरनं आम्हाला पुढच्या दारातून हुसकलं आणि मागे पळायला लावलं. बसमध्ये मामंजी दर स्टॉपला आलं का, आलं का असं विचारत होते. मलाही माहीत नव्हतं, म्हणून मी चिडून गप्प बसा म्हणाले. लगेच वाईट वाटलं, पण बोलून तर गेले होते.

ऑपरेशन नीट झालं. दुसऱ्या दिवशी अकराला पट्टी काढली, काळा चष्मा दिला आणि सोडलं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की वाकायचं नाही, धूळ-पाणी लागू द्यायचं नाही, दर दोन तासांनी औषधाचे थेंब घालायचे. गर्दीत धक्का लागला तर डोळा हातचा जाईल. ऑपरेशनच्या डोळ्याला अजून सगळं पाण्यातून बघितल्यासारखं दिसत होतं आणि दुसऱ्या डोळ्याला नुसते रंग कळत होते.

थेंबाची बाटली दवाखान्यात मिळाली नाही. मेडिकल रस्त्याच्या पलीकडे. तो रस्ता मला एकटीलाही ओलांडता येईल असं वाटेना. मामंजींना घेऊन कसा ओलांडणार? मी त्यांना बसस्टॉपच्या बाकावर बसवलं आणि मी येईपर्यंत उठू नका म्हणाले. ते नाही उठत म्हणाले. फाईल, आधार कार्ड, फोन, पैसे सगळं माझ्या पिशवीत. त्यांच्या खिशात तंबाखूची डबी.

रस्ता ओलांडायला लागली दहा मिनिटं. मेडिकलमध्ये रांग. परत यायला आणखी दहा. मी आले तेव्हा बाकावर कानात वायरी घातलेली एक मुलगी बसली होती.

तिला विचारलं. बाबा होते खरे, म्हणाली, मग उठून गेले. कुठे? तिनं खांदे उडवले. बसमध्ये चढले का? माहीत नाही.

बसमध्ये चढले असतील तर कुठल्या? तेवढ्या वेळात सात-आठ गेल्या असतील. चालत गेले असतील तर चार दिशा. मी आधी डावीकडे पळाले, मग उजवीकडे. पांढरी टोपी दिसली की मागे धावायची. एकदा एका परक्या माणसाच्या अगदी तोंडासमोर जाऊन उभी राहिले. तो घाबरला.

चौकातल्या ट्रॅफिक पोलिसाला गाठलं. म्हातारे आहेत, काळा चष्मा, धोतर, टोपी, कालच डोळ्याचं ऑपरेशन झालंय. त्यानं नाव विचारलं. मी पिशवीतून आधार कार्ड काढू लागले. तो म्हणाला, "अहो, तोंडानं सांगा की." मी फाईल उलटीपालटी करत राहिले. सिग्नल सुटला, तो शिट्टी वाजवत निघून गेला. जाता जाता म्हणाला, तासाभरात सापडले नाहीत तर चौकीत या.

तासभर. एवढ्या गाड्यांत अर्धवट दिसणारा माणूस तासभर कसा टिकतो? तेवढ्यात एक ॲम्ब्युलन्स ओरडत गेली. मी तिच्यामागे धावले, खरंच धावले, चप्पल निसटेपर्यंत. ती वळली आणि दिसेनाशी झाली. आत मामंजी आहेत असं मला वाटतच राहिलं. ह्यांना फोन करावा म्हणून दोनदा मोबाईल काढला आणि दोनदा परत ठेवला. काय सांगणार? तुमचे वडील मी बाकावर ठेवले होते आणि आता नाहीत?

एका उंच दगडी भिंतीच्या कोपऱ्यावर आले. भिंतीआड कुठल्याशा जुन्या संस्थेचं आवार होतं, आत वडा-पिंपळाची दाट झाडी. फाटकावरच्या वॉचमनला विचारलं. तो सकाळपासून तिथेच होता आणि आत कोणी गेलेलं नव्हतं. मी पुढे गेले, एक गल्ली, दुसरी गल्ली, मोठा रस्ता, आणि फिरून त्याच कोपऱ्यावर. पुन्हा निघाले. पुन्हा तोच कोपरा. तिसऱ्यांदा तो वॉचमन हसला तेव्हा मी जागच्या जागी थांबले. आमच्या रानात याला चकवा म्हणतात. चकवा लागला की ओळखीची वाटही सापडत नाही, माणूस एकाच जाळीभोवती फिरत राहतो. मी घरी असल्या गोष्टींना हसायची.

मग मी हाका मारायला लागले. "मामंजी! मामंजी!" त्या रस्त्यावर कुणाकुणाचे मामंजी असतील, पण एकानंही वळून पाहिलं नाही. हॉर्नच्या कालव्यात माझा आवाज मलाच ऐकू येईना. आणि मला कळून चुकलं की हाक मारायची तर नावानंच मारावी लागेल. पोलीस नाव विचारणार, चौकी नाव विचारणार, दवाखाना नाव विचारणार. मी भिंतीला हात टेकला, डोळे मिटले, डोक्यावरचा पदर खाली सरकला तो तसाच राहू दिला.

"चिमाजी!"

आवाज फाटला. मी पुन्हा, पोटातून ओरडले, "चिमाजी!"

स्कूटरवरची एक बाई थांबली. चांगल्या घरची, चेहऱ्यावर काळजी. म्हणाली, "काय हो, कुत्रं हरवलंय का? केवढं होतं?"

माझी तिसरी हाक घशातच राहिली. ज्यांच्या समोर मी कधी मान वर करून बोलले नाही, त्यांना मी भर रस्त्यात कुत्र्यासारखं बोलावत होते. त्या बाईला काही न सांगता मी तोंड लपवायला भिंतीच्या कडेच्या बोळात शिरले.

आणि तिथे चपला दिसल्या.

टायरच्या. डाव्या चपलेचा पट्टा निळ्या नायलॉनच्या दोरीनं शिवलेला. ती दोरी मीच घातली होती, आखाडात. रस्त्याच्या कडेला माणसाशिवाय चपला पडल्या की त्याचा अर्थ काय, हे मी मंचरच्या हायवेला डोळ्यांनी पाहिलं आहे. मी मटकन खाली बसले. रक्त कुठे आहे, हे बघायला मान वर होईना.

किती वेळ गेला कोण जाणे. मग चपला नीट दिसल्या. त्या पडलेल्या नव्हत्या, ठेवलेल्या होत्या. दोन्ही शेजारी शेजारी, तोंडं बाहेर केलेली, आणि वर एक दगड. कुत्र्यानं ओढून नेऊ नयेत म्हणून आमच्याकडे राईत शिरताना चपलांवर असा दगड ठेवतात. देवाच्या राईत पायताण घालून जायचं नाही, आत मोठ्यानं बोलायचं नाही, वाळलेलं पानसुद्धा बाहेर आणायचं नाही. गाडीखाली आलेला माणूस चपलांवर दगड ठेवत नाही.

चपलांच्या मागे भिंतीला भगदाड होतं. मी माझ्या चपला काढल्या, त्यांच्या चपलांशेजारी ठेवल्या आणि आत शिरले.

पंचवीस-तीस पावलांवर एका वडाच्या बुंध्याला पाठ लावून मामंजी बसले होते. चष्मा डोळ्यांवर, टोपी मांडीवर, दोन्ही हात टोपीवर दाबलेले. मी जवळ गेले, पण आवाज काढायचा धीर होईना. त्यांनीच आवाज न चढवता विचारलं, "कोन हाय?"

"मी हाय मामंजी. उज्ज्वला."

त्यांनी मान हलवली, पण उठले नाहीत. मी समोर बसले. मला रडू आलं आणि राग आला, दोन्ही एकदम. मी राग आधी काढला. सांगितलं होतं ना उठू नका म्हणून? तेव्हा हळूहळू कळलं. माझी साडी हिरवी. बाकासमोरून एक हिरवी साडी गेली. नुसते रंग कळणारा डोळा, त्यांना वाटलं मीच परत आले आणि त्यांना न बघता पुढे निघाले. ते मागे गेले. मोठा रस्ता संपल्यावर ती बाई वळली, तेव्हा ती मी नव्हते. मग परत फिरायला गेले तर तीच भिंत, पुन्हा तीच भिंत. चकवा लागला की पळायचं नाही, जागा बघून बसायचं. ते झाडी बघून बसले.

मी विचारलं, "मी भिताडापल्याड उभी राहून वरडत व्हते. तुमी आयकलं न्हाई का?"

"आयकलं की."

"मग ओ का न्हाई दिली?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, म्हणजे माझ्या साडीच्या रंगाकडे. "पोरी, ह्या पुन्यात माझं नाव कुणाला ठावं हाय? तू तर घ्यायची न्हाईस. मग मला नावानं कोन बोलावनार? म्या म्हनलं, चकवाच. त्याला मानसाचं नाव ठावं असतंय. पर त्यो दोनदाच हाक मारतो. तिसरी त्याला जमत न्हाई. म्हनून म्या तिसरीची वाट बघत व्हतो." मग ते म्हणाले, "तिसरी आलीच न्हाई. तवा लई भ्यालो."

त्या स्कूटरवाल्या बाईला मी मनातल्या मनात शिव्या दिल्या, पण दोष तिचा नव्हता. एक हाक. मला लाज वाटली म्हणून हा माणूस इथे भिऊन बसला होता, आणि चपला दिसल्या नसत्या तर अंधार पडेपर्यंत बसला असता.

दोन तास कधीच होऊन गेले होते. मी बाटलीचं झाकण काढलं. दवाखान्यात नर्सनं थेंब घातले होते. आता घालायला मीच होते. मी पहिल्यांदा मामंजींच्या हनुवटीला हात लावला आणि मान मागे केली. दाढीची खुंटं हाताला टोचली. त्यांनी लहान पोरासारखं तोंड उघडं ठेवलं. थेंब गेला. मग मी त्यांचं मनगट धरून त्यांना उठवलं, आणि ते मनगट भिंत, बोळ, चौक, बस, सगळं पार होईपर्यंत सोडलं नाही. लोक बघत होते की नव्हते, मला माहीत नाही.

वाकडेवाडीला मंचरच्या गाडीला ही गर्दी. दारात लोटालोटी. डोळ्याला धक्का नको म्हणून मी त्यांना पुढे घातलं, मागून दोन्ही हात आडवे धरले आणि कसंबसं वर चढवलं. तेवढ्यात कोणाची तरी गोणी मध्ये आली, मी पायरीवरून खाली ढकलली गेले. पुन्हा चढले तर मामंजी दिसेनात. आत सगळ्या पांढऱ्या टोप्या, खेडच्या, मंचरच्या, नारायणगावच्या. कंडक्टर डबल बेल देण्याच्या बेतात. पुन्हा हरवले की काय?

मी दांडा धरला आणि सगळ्या गाडीसमोर ओरडले, "चिमाजी!"

माणसं वळून बघायला लागली. कोणीतरी हसलं. ओ आली नाही.

"चिमाजी!"

ओ आली नाही.

"चिमाजी!"

"ओ," ड्रायव्हरच्या मागच्या सीटवरून आवाज आला, "हितं हाय, पोरी. तुझी जागा धरलीया."