शेषेराव सरांचा डेमो

डेमोच्या यादीत शेषेराव सरांचं नाव वाचलं अन् बुद्धप्रियाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. लगेच तिला हसूही आलं. आला की गडी आपल्या पायानं चालून!

लातुरात क्लासमध्ये मास्तर ठेवायचा तर आधी डेमो घेतात. खऱ्या पोरांपुढं वीस मिनिटं शिकवून दाखवायचं अन् विषयाच्या प्रमुखानं मागं बसून ते जोखायचं. या क्लासात इंग्रजीची प्रमुख बुद्धप्रिया. डेमोत काय शिकवायचं अन् कुणाला ठेवायचं, तेही तीच ठरवायची. तिनं चिठ्ठीवर लिहिलं, ‘लुक डाउन ऑन’.

का, ते ऐका. बारा वर्षांमागं ती देवणीहून लातुरात शिकायला आली, तेव्हा सरांचा स्वतःचा क्लास होता, लई जोरात चालायचा. एकदा त्यांनी तिला हाच शब्द विचारला. ती म्हणाली, "माडीवरून खाली बघणे." ऐंशी पोरं खदाखदा हसली. "अगं, म्हणजे एखाद्याला कमी लेखणं!" सर म्हणाले. इथंच थांबले असते तर काय बिघडलं असतं? पण न्हाई. त्यांनी फळ्यावर वाक्य लिहिलं, ‘पीपल लुक डाउन ऑन बुद्धप्रिया’, अन् सगळ्यांना दहा-दहा वेळा लिहायला लावलं. तिनंही लिहिलं. स्वतःच्या हातानं, दहा वेळा. तेव्हापासून तिनं डूख धरला होता.

सर आले. क्लास कधीचाच बुडालेला, केस पांढरे, शर्ट मात्र कडक इस्त्रीचा. शिकवलं झकास, हे तिलाही कबूल करावं लागलं. कमी लेखणं म्हणजे काय, ते पोरांना पाच मिनिटांत समजलं. मग त्यांनी फळ्यावर लिहिलं, ‘पीपल लुक डाउन ऑन द पुअर’.

"असं मोघम नको, सर," बुद्धप्रिया मागून बोलली. "नाव घाला. नाव असलं की पोरांच्या ध्यानात राहतं."

"कुणाचं घालू, मॅडम?"

"तुमचंच घाला की."

सर हसले. ती हसली नाही. सरांना नोकरीची गरज होती ना! त्यांनी ‘द पुअर’ पुसून ‘शेषेराव’ लिहिलं. "लिहून घ्या रे, दहा वेळा," ती पोरांना म्हणाली. वह्या उघडल्या. सर खडू धरून तसेच उभे राहिले, अन् तिच्या काळजाला थंडावा मिळाला. अस्सं पाहिजे!

नंतर केबिनमध्ये तिनं विचारलं, "ओळखलं का मला?"

"न्हाई, मॅडम."

तिनं सगळं सांगितलं. सरांनी चष्मा काढला, लई आठवून पाहिलं. "केलं असंल," ते म्हणाले. "तवा लई पोरांची नावं घालायचो मी. मजा यायची पोरांना. तुम्ही कोणत्या बॅचच्या?"

बारा वर्षं जे बुद्धप्रियाच्या उरावर बसलं होतं, ते या माणसाच्या गावीही नव्हतं! नकाराचं पत्र तिनं सकाळीच टाइप करून ठेवलं होतं. ते हातात दिलं की हा घरी जायला औशाच्या बसमध्ये बसणार, अन् घर येईपर्यंत तिला परत विसरून जाणार. तिनं ते पत्र फाडलं.

"उद्या सकाळी सातला या," ती म्हणाली. "नोकरी पक्की. तुमच्या प्रत्येक तासाला मी वर्गात बसणार."

"रोज? ते कशाला, मॅडम?"

"तुम्हाला मी आठवेपर्यंत."