बारावा थेंब

सुनेत्रा नाईट शिफ्ट संपवून घरी आली तेव्हा सकाळचे साडेसात वाजले होते आणि तिच्या स्वयंपाकघरात फ्रिजला साडी नेसवलेली होती.

साडी तिचीच. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीची, शेवाळी हिरवी, काठ उसवला म्हणून बेसमेंटच्या ट्रंकेत ठेवलेली. ती फ्रिजवरून खाली सोडली होती आणि वरून घसरू नये म्हणून तिच्यावर डाळीचे दोन डबे ठेवले होते. समोर टेबलावर कॅमेरा, तीन पायांच्या स्टँडवर. त्याच्यापुढे मातीच्या गोळ्यात खोचलेली गवताची काडी. आणि कॅमेऱ्यामागे वाकलेला तिचा नवरा, शैलेंद्र, पायजमा आणि स्वेटर घालून.

"अहो, हे काय?"

"आलीस? बरं झालं. पाच मिनिटं फक्त टॉर्च धर."

पाच मिनिटं म्हणजे किती, हे सुनेत्राला पाठ होतं. पण कोट काढून खुंटीला लावते न लावते तोच त्याने टॉर्च तिच्या हातात दिलासुद्धा.

दोन हजार नऊच्या जानेवारीत शैलेंद्रची सॉफ्टवेअरमधली नोकरी गेली. व्हँकुव्हरच्या ऑफिसातली बावीस माणसं एका सकाळी घरी पाठवली, त्यांत हा एक. वय चोपन्न. पहिले तीन महिने त्याने शंभरेक ठिकाणी अप्लाय केलं. नंतर तो आठवड्यातून एकदा करायला लागला आणि मग सोफ्यावर पडून छताकडे बघायला लागला. सुनेत्रा म्हाताऱ्यांच्या केअर होममध्ये केअर एड होती. तिने दिवसाची पाळी सोडून रात्रीची घेतली, आठवड्याला पाच रात्री. पुण्यात ती बँकेत खुर्चीवर बसून काम करायची. इथे ती नव्वदीच्या माणसांना कुशीवर वळवायची, उचलायची, त्यांची अंथरुणं बदलायची. गुडघे तर केव्हाच बोलायला लागले होते.

मे महिन्यात शैलेंद्रने कपाटातला जुना कॅमेरा काढला, त्याला जवळून फोटो काढायचं भिंग आणलं आणि परसातल्या मुंग्या, कोळी, शेवाळ यांच्या मागे लागला. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, असं सुनेत्रा पहिल्या दिवशी म्हणाली. पण हा न्हावी निदान सोफ्यावरून उठला होता. तो दाढी करायला लागला. फोटोग्राफी क्लबमध्ये जायला लागला. कॅल्गरीहून लेक जाई फोनवर म्हणाली, "आई, बाबा साउंड्स सो हॅपी," तेव्हापासून सुनेत्राने तुंबड्यांचं नाव काढलं नाही.

आता क्लबची वार्षिक स्पर्धा होती. त्यात 'नेचर' नावाचा विभाग सगळ्यांत मानाचा, आणि त्याचा नियम एकच पण कडक. प्राणी असो की किडा, तो जिथे असेल तिथेच, हात न लावता टिपायचा. शैलेंद्रच्या डोक्यात एकच फोटो होता: पहाटेच्या दवाने भिजलेला चतुर, म्हणजे ड्रॅगनफ्लाय. त्यासाठी तो घराजवळच्या मंडी पार्कमधल्या तळ्यावर चौदा पहाटे जाऊन आला. दव असायचं तेव्हा चतुर नसायचा, चतुर असायचा तेव्हा वारा सुटायचा, आणि उरलेल्या पहाटे पाऊस. पंधराव्या दिवशी त्याने नाद सोडला. संध्याकाळी जाळं घेऊन गेला, एक चतुर धरून आणला आणि दह्याच्या रिकाम्या डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवला, कोथिंबिरीच्या शेजारी. गारठला की हलत नाही.

"आणि हे दव?" सुनेत्राने विचारलं. काडीवर चतुर बसला होता आणि त्याच्या पंखांवर थेंब चमकत होते.

"पाणी आणि ग्लिसरीन."

"माझं ओठांना लावायचं?"

"थोडंसंच घेतलं."

तिला हसू येण्याइतकी ताकद नव्हती. त्याने तिला चतुराच्या मागच्या बाजूला, जरा कडेला, फ्रिजला खेटून उभं केलं. टॉर्च खांद्याच्या वर धरायचा, हलायचं नाही. एवढ्या जवळून काढलेल्या फोटोत एका वेळी केसाएवढाच भाग स्पष्ट येतो, म्हणून कॅमेरा किंचित किंचित पुढे सरकवत चाळीस फोटो काढायचे आणि मग कॉम्प्युटरवर त्यांचा एक करायचा, हे त्याने तिला पूर्वी दहा वेळा समजावलं होतं. अकराव्यांदाही समजावलं. ती फ्रिजला डोकं टेकून ऐकत होती. फ्रिजची घरघर कानाला बरी वाटत होती.

वीस मिनिटं लागली. शेवटचा फोटो निघाला तोवर चतुराला ऊब लागली होती. तो भर्रकन उडाला, ट्यूबलाईटवर दोनदा आपटला आणि उघड्या खिडकीतून परसात गेला. त्या आवाजाने सुनेत्राने डोळे उघडले.

रविवारी शैलेंद्रने तिला लॅपटॉपसमोर बसवलं. प्रिंटला पाठवायच्या आधी दुसऱ्या कुणाचे तरी डोळे हवेत, म्हणाला. फोटो सुरेख होता, यात शंका नाही. पंखांवरची रेघन्‌रेघ दिसत होती. मागे धूसर हिरवं रान, म्हणजे तिची साडी. आणि प्रत्येक थेंबात एक उजेडाचा ठिपका, जणू सूर्य उगवतोय, म्हणजे तिच्या हातातला टॉर्च. सुनेत्राला गंमत वाटली. रान तिचं, सूर्य तिचा, दवसुद्धा तिचं.

"हे जांभळं काय आहे?" तिने एका थेंबावर बोट ठेवलं.

शैलेंद्रने तो भाग मोठा केला. मग आणखी मोठा केला.

थेंब म्हणजे एक भिंगच. कॅमेऱ्याच्या चौकटीत मावत नाही तेही त्याला दिसतं, फक्त उलटं. शैलेंद्रने चित्र फिरवून सुलट केलं. थेंबात फ्रिज होता, फ्रिजवरची साडी होती, डाळीचे डबेसुद्धा होते. आणि फ्रिजला टेकून जांभळ्या युनिफॉर्ममधली एक बाई उभी होती. मान कलती, एक हात लोंबता, दुसरा टॉर्च धरून वर. चेहरा दिसण्याइतकी ती मोठी नव्हती. पण उभं राहण्याच्या त्या तऱ्हेवरून कुणीही सांगितलं असतं की ही बाई दमून गेली आहे.

सुनेत्रा बघतच राहिली. आरशात ती रोज बघायची, पण आरशासमोर माणूस सावरून उभं राहतं. आपण अशा दिसतो हे तिला ठाऊक नव्हतं. तिला स्वतःचीच कीव आली.

"कमाल आहे," शैलेंद्र म्हणाला. "चाळीस फोटोंत तू एवढीसुद्धा हलली नाहीस. नाहीतर इथे नुसता धूर दिसला असता. इतकी स्थिर कशी राहिलीस?"

"झोपले होते मी. उभ्याउभ्या डोळा लागला."

"बरं झालं," तो म्हणाला, आणि त्याने माऊस हातात घेतला.

स्क्रीनवर एक छोटं वर्तुळ आलं. त्याने शेजारचा हिरवा रंग उचलून तिच्यावर फिरवला. आधी तिचे पाय गेले, मग लोंबता हात, मग मान. डबे गेले, फ्रिजचा पांढरा कोपरा गेला. टॉर्चपाशी आल्यावर तो थांबला.

"सूर्य राहू दे," तो स्वतःशीच म्हणाला.

मग पुढचा थेंब, मग त्याच्या पुढचा. सुनेत्राने मोजले. अकरा थेंबांतून तिला पुसायला त्याला पाऊण तास लागला, आणि तेवढ्या वेळात त्याने तिच्याकडे एकदाही मान वळवली नाही. त्याचं चुकत होतं असंही तिला म्हणता येईना. पकडले गेलो तर क्लबमध्ये तोंड दाखवायला जागा राहणार नाही, आणि क्लब गेला की पुन्हा सोफा, पुन्हा छत. हे सगळं तिला कळत होतं. तरीही, किती दमलीस गं, एवढं म्हणायला काय लागलं असतं? ती उठली आणि कुकर लावायला गेली.

नोव्हेंबरातल्या एका शनिवारी दुपारी बर्नबीच्या कम्युनिटी हॉलमध्ये प्रदर्शन लागलं. सुनेत्रा तीन तास झोपून आली होती आणि रात्री पुन्हा शिफ्ट होती. हॉलमध्ये कॉफीचा वास, भिंतीवर ओळीने फोटो, आणि 'नेचर'च्या ओळीत मधोमध शैलेंद्रचा चतुर. दारात पाऊल टाकलं तेव्हाच त्यांना दिसलं की त्याच्या फ्रेमला निळी रिबन लावली आहे. निळी म्हणजे पहिला नंबर.

शैलेंद्रचे डोळे भरून आले. परीक्षकांनी खाली चिठ्ठी लावली होती: प्रत्येक थेंबात उगवता सूर्य आहे, असं धीराचं काम क्वचित बघायला मिळतं. लोक येऊन त्याच्या पाठीवर थाप मारत होते. दहा महिन्यांत प्रथमच तो ताठ उभा होता. सुनेत्राला मनापासून आनंद झाला. त्या आनंदातच तिने फोटो जवळून बघितला.

हत्ती गेला आणि शेपूट राहिलं. चतुराच्या मागच्या पायाच्या बेचक्यात, काडीला चिकटून, एक बारावा थेंब होता, मोहरीएवढा. लॅपटॉपवर तो कुणाच्याच लक्षात आला नव्हता. पण इथे प्रिंट दोन हात रुंद. थेंबात हिरवं होतं, सूर्य होता आणि एक जांभळी रेघ होती.

"अहो," ती हळूच म्हणाली, "एक राहिला."

त्याने बघितलं. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. आणि तेवढ्यात नाओमी आली.

नाओमी क्लबची सेक्रेटरी. शाळेत चाळीस वर्षं जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालेली, गळ्यात दोरीला भिंग. प्रत्येक फोटो भिंगातून बघायची तिची सवय सगळ्यांना माहीत होती. तिने शैलेंद्रचं अभिनंदन केलं, वाकली आणि पंखांवरून भिंग सावकाश खाली आणलं. पायापाशी ते थांबलं.

"यात काहीतरी आहे," ती इंग्रजीत म्हणाली. "उलटं. जांभळट, उभं. शैलेंद्र, हे काय आहे?"

सुनेत्राने त्याच्याकडे पाहिलं. जानेवारीत त्या सकाळी, ऑफिसातलं सामान खोक्यात भरून तो दारात उभा राहिला होता, तेव्हा त्याचा चेहरा असाच होता. तो चेहरा पुन्हा बघायची तिच्यात ताकद नव्हती.

"झाडाचा बुंधा आहे तो," सुनेत्रा इंग्रजीत म्हणाली. "तळ्याकाठी एक जुना बुंधा आहे. मी होते ना त्या दिवशी यांच्याबरोबर."

"ओह," नाओमी म्हणाली. "लव्हली." आणि ती पुढच्या फोटोकडे वळली.

झालं. इतकं सोपं होतं. सुनेत्रा भिंतीकडेच्या खुर्चीवर जाऊन बसली. आपण आत्ताच स्वतःला बुंधा म्हटलं हे तिच्या मनात आलं. पण त्याचं दुःख करायलाही अंगात त्राण लागतं. तिने पाय लांब केले.

शैलेंद्र मात्र फोटोसमोरच उभा होता. त्याने खिशातून चष्मा काढला, डोळ्यांवर चढवला आणि मान तिरकी करत करत जवळजवळ उलटी केली. चोपन्न वर्षांचा माणूस भर हॉलमध्ये मान वाकडी करून मोहरीएवढ्या थेंबात बघत होता. खूप वेळ. मग तो सरळ झाला आणि नाओमीच्या मागे गेला.

काय बोलणं झालं ते सुनेत्राला ऐकू आलं नाही. तिला एवढंच दिसलं की तो बोलतोय, दोन्ही हात खाली सोडून, आणि नाओमी ऐकते आहे. मग त्याने सुनेत्राकडे बोट दाखवलं. नाओमी परत आली, भिंग लावून पुन्हा त्या थेंबात वाकली. या वेळी बराच वेळ. मग वळून तिने सुनेत्राकडे पाहिलं. तिच्या नजरेत राग नव्हता. तिने निळी रिबन फ्रेमवरून हलक्या हाताने सोडवली, घडी करून खिशात घातली आणि फोटो भिंतीवरून उतरवला.

दोघं गाडीत येऊन बसली. फोटो मागच्या सीटवर होता. बाहेर नोव्हेंबरचा न संपणारा पाऊस.

"गप्प बसवलं नाही तुम्हाला?" सुनेत्रा म्हणाली. "मी निभावलं होतं ना सगळं."

"नाही बसवलं."

"आता क्लब?"

"नाओमी म्हणाली, वर्षभर स्पर्धेत भाग घ्यायचा नाही. मीटिंगला येऊ शकतो. पण लोकांची तोंडं बघायची म्हणजे... बघू."

"काय सांगितलंत तिला?"

शैलेंद्रने वायपर चालू केले. "सांगितलं, तो बुंधा नाही, माझी बायको आहे. रात्रभर काम करून आली होती, आणि मी तिला वीस मिनिटं उभं केलं. उभ्याउभ्या झोपली ती." त्याने गाडी रस्त्यावर काढली. "आणि मी म्हटलं, बरं झालं. तुला आठवतं? बरं झालं म्हणालो मी."

सुनेत्राला आठवत होतं. तिने मान सीटला टेकली, आणि लोहीड हायवे लागायच्या आत तिचा डोळा लागला.

जाग आली तेव्हा गाडी कोक्विटलामला त्यांच्याच गॅरेजसमोर उभी होती. हीटर चालू होता. तिच्या अंगावर त्याचं जॅकेट होतं. शैलेंद्र हात मांडीवर ठेवून ड्रायव्हरच्या सीटवर नुसता बसला होता.

"कधी पोचलो आपण?"

"झाला पाऊण तास."

"उठवायचं नाही का मग?"

"नाही," तो म्हणाला. "हललोच नाही मी."

तिने घड्याळाकडे पाहिलं. शिफ्टला अजून पुष्कळ वेळ होता. घरात कालची भांडी तशीच होती.

"पाच मिनिटं," सुनेत्रा म्हणाली, आणि जॅकेट गळ्यापर्यंत ओढून तिने पुन्हा डोळे मिटले.